रेवणकर साहेब, फ्रेंच माणूस आणि सहावे प्रकरण

त्या दिवशी सकाळी साडेसहा वाजता मी कारखान्यातल्या नव्या सिमेंट मिलच्या चौथऱ्यावर नारळ फोडला. साल १९९३, ठिकाण रास अल खैमा. मिल फ्रान्सहून आली होती, आठ वाजता पहिल्यांदा फिरणार होती, आणि शिफ्ट इन्चार्ज म्हणून बटण मी दाबणार होतो. आमच्या गावात विहिरीवर पाच हॉर्सपॉवरची मोटार बसवली तरी आधी नारळ फुटतो. एवढे मोठे यंत्र तसेच कसे सुरू करायचे, हे माझ्या मनाला पटेना. आसपास कुणी नाही असे पाहून मी कुंकवाचे बोट लावले, दत्ताचे नाव घेतले आणि नारळ आपटला. पाणी चांगले उडाले. कुठे उडाले, ते मी पाहिले नाही.

आठ वाजता बटण दाबले. मिल जेमतेम दीड फेरा फिरली आणि बंद पडली.

मिल बसवायला आलेले फ्रेंच इंजिनीअर, मोस्यू लांबेर, शिडीवरून खाली उतरले. बेअरिंगची थरथर मोजणारी एक डबी असते. आदल्या दिवशी कुणीतरी तिचे झाकण उघडे ठेवले होते. लांबेरनी त्या डबीत दोन बोटे घातली आणि एक पांढरा तुकडा बाहेर काढला.

"व्हॉट इज धिस?"

मी म्हणालो, "कोकोनट, सर."

मग त्यांना कुंकू दिसले. त्यांचा चेहराही साधारण त्याच रंगाचा झाला. "धिस इज अ मशीन," ते म्हणाले. "देअर इज नो गॉड इन माय मशीन." मी मनात घरी जायच्या तिकिटाचा विचार करू लागलो. नोकरी लागून तीनच महिने झाले होते.

तेवढ्यात मेंटेनन्सचे प्रमुख आले. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेने, जाड चष्मा. त्यांनी डबी पाहिली, तुकडा पाहिला, मला पाहिले, आणि अत्यंत नम्रपणे लांबेरना इंग्रजीत विचारले, "तुमच्याकडे क्रांती झाली तेव्हा पॅरिसच्या मोठ्या चर्चमध्ये बुद्धी नावाची देवी बसवली होती ना?"

लांबेर म्हणाले, तिचा इथे काय संबंध. आणि ती देवी नव्हतीच, ते एक प्रतीक होते.

"बरोबर," हे गृहस्थ म्हणाले. "तुम्ही आधी संतांच्या मूर्ती फोडल्या आणि मग प्रतीक बसवलंत. माणसाला काहीतरी फोडावं लागतं. आमच्या या माणसानं नारळ फोडला. नुकसान नारळात कमी आहे."

पुढची चाळीस मिनिटे ते दोघे मिलच्या सावलीत उभे राहून भांडत होते. राजा, चर्च, क्रांती, पुन्हा राजा, पुन्हा क्रांती. तोवर आमच्या इलेक्ट्रिशियनने डबी पुसली, उन्हात धरली, परत बसवली. सव्वानऊला मिल सुरू झाली आणि थांबली नाही. लांबेर खूश दिसत होते. मिल चालली म्हणून नव्हे, भांडायला माणूस मिळाला म्हणून. जाताना त्या गृहस्थांनी त्यांच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला आणि त्यांनी तो खाल्ला.

मला मात्र त्या गृहस्थांनी बाजूला घेतले. "जाधव ना? नारळ फोडायला हरकत नाही. झाकण लावून फोडत जा."

श्री. सदानंद रेवणकर, म्हणजे आपणा सर्वांचे रेवणकर साहेब, यांची माझी ओळख ही अशी झाली. आज त्यांच्या साठीनिमित्त इथल्या आपल्या मराठी मंडळाने मला लिहायला सांगितले आहे. इतर मान्यवर त्यांच्या कामाविषयी, मंडळाच्या गणेशोत्सवाविषयी लिहितील. मला त्यांच्या फ्रान्सविषयी लिहायचे आहे. साहेब दहा वर्षे 'फ्रेंच माणूस असा का?' हा विषय धरून बसले आहेत, त्याचे त्यांनी पुस्तक लिहिले, आणि त्या पुस्तकाची स्वच्छ प्रत मी केली. त्यातल्या एका प्रकरणाविषयी मला जे ठाऊक होते ते मी पाच वर्षे साहेबांना सांगितले नाही. हे ओझे बाजूला ठेवून नुसती स्तुती लिहिणे मला जमणार नाही.

हा नाद लागला कसा, हे साहेब स्वतः सांगतात. कारखान्याने फ्रेंच मिल घ्यायचे ठरवले तेव्हा त्यांनी दुबईतल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून फ्रान्सचा इतिहास आणला. "ज्याची मशीन घ्यायची त्याचा इतिहास वाचावा," ते म्हणत. "मॅन्युअलमध्ये स्वभाव दिलेला नसतो."

आणि खरोखरच त्यांना उत्तरे सापडत गेली. लांबेर रोज सकाळी मॅनेजरपासून झाडूवाल्यापर्यंत प्रत्येकाशी हात मिळवत. सात वाजता सुरू व्हायचे काम सातचाळीसला सुरू होई. साहेब म्हणाले, क्रांतीनंतर तिथे सगळे नागरिक झाले, हात मिळवला नाही तर माणूस पुन्हा रयत होतो. साधा बोल्ट बदलायचा तरी लांबेर पॅरिसला फॅक्स करत. साहेब म्हणाले, त्यांच्या राजाने सगळा कारभार एका राजवाड्यात गोळा केला होता. राजा गेला, फॅक्स आला. लांबेरना इंचाचा पाइप दाखवला की ते तोंड फिरवत. साहेबांनी सांगितले, पूर्वी तिथे गावागणिक वेगळे माप होते, जमीनदार आपल्या मापाने धान्य घेई, म्हणून क्रांतीने मीटर आणला. त्यांना इंच दिसला की जमीनदार दिसतो. हे मला लगेच पटले. आमच्या गावातही घ्यायची पायली आणि द्यायची पायली एकच नसे.

हात मिळवण्याची पद्धत साहेबांना इतकी आवडली की त्यांनी ती आमच्या खात्यात सुरू केली. पहिल्या दिवशी सगळ्यांनी मुकाट हात दिला. दुसऱ्या दिवशी वयस्कर फोरमन खानसाब माझ्याकडे आले. डोळे भरलेले. "जाधव, साब जा रहे हैं क्या? सबसे मिल रहे हैं." मी म्हणालो, नाही, फ्रान्समध्ये क्रांती झाली होती म्हणून. खानसाबांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "अच्छा. अल्ला सबको सलामत रखे."

एका डिसेंबरात गिअरबॉक्सचा एक भाग पॅरिसमध्ये अडकला, कारण तिकडे मोठा संप होता. आमची मिल बंद, मॅनेजर रोज विचारतात, आणि लांबेर फोन ठेवून हसत सांगतात, "नो ट्रेन, नो मेट्रो, नथिंग. मॅग्निफिक." मी साहेबांकडे पाहिले. साहेब म्हणाले, "आपल्याकडे संप म्हणजे अडचण. त्यांच्याकडे संप म्हणजे आजोबांची आठवण."

साहेबांना फ्रेंच माणसात सर्वांत जास्त काय आवडे, तर तो वरिष्ठाला तोंडावर सांगतो की तुमचे चुकले. "हे आपल्या लोकांना यायला हवं," ते म्हणत. आणि आम्ही सगळे म्हणत असू, "हो साहेब."

मी तर त्या बाबतीत अगदीच कच्चा. आमच्या शाळेत गुरुजींनी फळ्यावर बेरीज चुकवली तर आम्ही वहीत तीच चूक उतरवून घेत असू. लांबेरनी एकदा मुद्दाम मला चुकीच्या जागी ग्रीस भरायला सांगितले. मला ठाऊक होते की ते चूक आहे. मी "येस सर" म्हणून भरले. लांबेर साहेबांना म्हणाले, "युअर जाधव इज अ गुड मॅन, बट हिज येस इज डेंजरस." साहेब हसले. मीही हसलो, पण ते वाक्य माझ्या मनातून गेले नाही.

आता साहेबांच्या मायेची गोष्ट. १९९६ साली माझे वडील गेल्याची तार आली. त्या काळी आमचे पासपोर्ट कंपनीच्या कपाटात असत. क्लार्क म्हणाला, सही करणारे साहेब फुजैराला गेलेत, परवा या. रेवणकर साहेब त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि लांबेर भांडताना एकेक मुद्दा पाडत तसे सुरू झाले. "पहिला मुद्दा असा." क्लार्कने ऐकले. "आता दुसऱ्या मुद्द्याकडे येऊ." क्लार्कने चहा मागवला. तिसऱ्या मुद्द्याचे तीन भाग होते. चौथ्याला क्लार्क उठला, फुजैराला फोन लावला, परवानगी घेतली आणि पासपोर्ट माझ्या हातात दिला. "यल्ला हबीबी, खलास. बस, इनको ले जाओ." तिसऱ्या दिवसाला मी गावात होतो. वडिलांच्या अस्थी मी माझ्या हाताने उचलल्या.

विमानतळापर्यंत साहेबांनी मला स्वतःच्या गाडीतून नेले. त्या दीड तासात त्यांनी फ्रान्सचे एकदाही नाव काढले नाही. त्यांना ओळखणाऱ्यांना यातली माया कळेल.

पुढच्या वर्षी साहेबांनी पुस्तक लिहायला घेतले. त्यांचे अक्षर त्यांच्याशिवाय कुणाला लागत नाही, आणि माझे अक्षर गुरुजींच्या पट्टीमुळे बरे आहे. म्हणून गुरुवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी झाली की मी त्यांच्या घरी जाऊन पाने उतरवून काढू लागलो. गुरुवारी माझा दत्ताचा उपास असतो. सुलभावहिनी न विचारता साबुदाण्याची खिचडी करत. साहेब येरझारा घालत सांगत, मी लिही, आणि त्यांची मुलगी ऋचा अभ्यास करता करता मध्येच म्हणे, "बाबा, नॉट एव्हरीथिंग इज बिकॉज ऑफ द रेव्होल्यूशन."

"अगं, मग दुसरं कशामुळे?"

"आय डोंट नो. मे बी ही वॉज जस्ट हंग्री." हे लांबेरांच्या दोन तासांच्या जेवणाबद्दल होते. साहेबांनी त्यावर सबंध तिसरे प्रकरण लिहिले आहे.

एक प्रकरण झाले की साहेब विचारत, "कसं झालंय, जाधव?" मी म्हणे, "झकास, साहेब." पहिल्या पाच प्रकरणांपर्यंत ते मी मनापासून म्हणालो.

१९९८ मध्ये लांबेर परत गेले आणि दुसऱ्या मिलसाठी ईव्ह नावाचे इंजिनीअर आले. हा माणूस वेळेच्या आधी येई. डब्यातून आणलेले दहा मिनिटांत खाई. मॅनेजरने काही सांगितले की मान हलवून करून टाकी. साहेब अस्वस्थ झाले. "हा नक्की फ्रेंच आहे का? जाधव, जरा पासपोर्ट बघा."

"बघितला, साहेब. फ्रेंचच आहे."

"मग आई स्विस असणार."

ईव्हना गाडी चालवायला आवडे आणि मला शुक्रवारी दुबईला जायचे असे. ते चर्चला जात, मी बर दुबईच्या देवळात. इथे चर्चची प्रार्थनाही शुक्रवारी असते, कारण सुट्टी तेव्हाच. असे आम्ही दीड वर्ष एका गाडीतून गेलो, एक शर्टाच्या आत क्रूस घालणारा आणि एक शर्टाच्या आत रुद्राक्ष घालणारा. दोघांचेही इंग्रजी सारखेच मोडके, त्यामुळे गैरसमज झाला नाही.

ईव्ह फ्रान्सच्या पश्चिमेकडच्या समुद्रकाठचे, ब्रिटनीचे. ते म्हणाले, त्यांच्या गावची माणसे क्रांतीच्या बाजूने नव्हती, तिच्याविरुद्ध लढली. पॅरिसचे शिपाई आले तेव्हा त्यांच्या खापरपणजोबांच्या आजोबांनी गावच्या पाद्र्याला गवताच्या गंजीत लपवले होते. फ्रेंच लोकांचा मोठा सण चौदा जुलैला असतो. त्या दिवशी त्यांची आजी घरातले सगळे धुणे काढायची, म्हणजे चौकातल्या समारंभाला जायला नको. त्या आजीची बोली वेगळी. शाळेत फ्रेंचऐवजी ती बोलली तर मास्तर गळ्यात लाकडी खडाव अडकवत, आणि दुसरे कुणी ती बोली बोलताना सापडेपर्यंत ती गळ्यातच राहायची.

"यू आर नॉट अँग्री?" मी विचारले.

"व्हाय अँग्री? आय ॲम फ्रेंच," ईव्ह म्हणाले. "माय ग्रँडमदर ऑल्सो. व्हेरी फ्रेंच. शी वॉश्ड द क्लोद्स अगेन्स्ट द गव्हर्न्मेंट."

मी त्यावर पुष्कळ विचार केला. आमच्या गावात वरच्या आळीला पाटलांचा पराक्रम म्हणून जे सांगतात, तेच खालच्या आळीला जुलूम म्हणून सांगतात. विहीर एकच, पाणी एकच. मग एवढ्या मोठ्या देशाची आठवण एक कशी असेल?

आणि नेमके त्याच महिन्यात साहेबांनी सहावे प्रकरण सांगितले. 'फ्रेंच माणूस आणि देव.' त्यात लिहिले होते की फ्रेंच माणसाने क्रांतीच्या वेळी देवाला जो उंबऱ्याबाहेर ठेवला तो पुन्हा आत घेतला नाही, आणि आज त्या देशात श्रद्धाळू माणूस शोधून सापडणार नाही. मी ते सुंदर अक्षरात उतरवले. आदल्या शुक्रवारी तो श्रद्धाळू माणूस मला चर्चच्या दारात भेटून, "यल्ला, लेट अस गो," म्हणाला होता.

"कसं झालंय, जाधव?"

"झकास, साहेब."

ज्यांनी मला वडिलांच्या अस्थींपर्यंत पोचवले त्यांना चुकलात कसे म्हणायचे? घरी येऊन दत्तापुढे दिवा लावला आणि आज खोटे बोललो हे सांगितले. असे पुढे वारंवार सांगावे लागले, कारण साहेब सहावे प्रकरण पुन्हापुन्हा घासून लख्ख करत होते आणि दर वेळी विचारत होते. ईव्ह काम संपवून फ्रान्सला परत गेले. त्यांच्याबद्दल साहेबांनी तळटीपही लिहिली नाही.

या वर्षी इराकच्या लढाईला फ्रान्सने नकार दिला. आपल्या सगळ्यांच्या घरात तेव्हा पाण्याच्या बाटल्या साठवणे चालू होते आणि साहेबांच्या घरात सातवे प्रकरण वाढत होते. "पाहिलंत? शेवटी ज्यानं राजाला नाही म्हटलं तोच," ते म्हणाले. ऋचा आता नोकरीला लागली आहे. ती शांतपणे म्हणाली, "जर्मनी ऑल्सो सेड नो, बाबा." साहेब म्हणाले, "जर्मनीचं वेगळं आहे." मी मान डोलावली.

मग साठी ठरली. पुस्तक समारंभात प्रकाशित करायचे, असे पत्रिकेत छापले गेले. निवृत्त होऊन साहेब कायमचे पुण्याला जाणार. तिथल्या इतिहासाच्या अभ्यासकांना ते पुस्तक स्वतः नेऊन देणार होते. कोल्हापूरच्या छापखान्यात हस्तलिखित मी सुट्टीला जाताना पोचवायचे होते. साहेब आयुष्यभर कारखान्यात राहिले; विद्वान माणसांनी आपले लिखाण वाचावे ही त्यांची एकच इच्छा. ते ज्या दिवशी सहावे प्रकरण उघडतील, त्या दिवशी ते साहेबांना हसतील, आणि हे मला एकट्याला माहीत होते. गप्प राहिलो तर साहेबांचे हसे, आणि बोललो तर माझे साहेब जाणार, असे मला वाटत होते.

गेल्या महिन्यातल्या एका गुरुवारी मी हस्तलिखिताची पिशवी घ्यायला गेलो. विमान दुसऱ्या दिवशीचे. गठ्ठा टेबलावर दोरीने बांधून ठेवलेला. साहेब म्हणाले, "एकदा शेवटचं सांगा. कसं झालंय?"

मी म्हणालो, "साहेब, सहावं प्रकरण चुकलंय."

"शुद्धलेखन?"

"नाही साहेब. माणूस चुकलाय."

साहेबांनी चष्मा काढला. मी उभ्यानेच सगळे सांगितले. चर्च, गवताची गंजी, खडाव, आजीचे धुणे. साहेब ऐकत होते. मग म्हणाले, "पहिला मुद्दा. एक ईव्ह म्हणजे काही फ्रान्स नव्हे."

"लांबेरही एकटेच होते, साहेब."

स्वयंपाकघरातला आवाज थांबला. वहिनी दारात आल्या. "बरोबर बोलतायत जाधव भाऊजी," त्या म्हणाल्या, "आणि तिसऱ्या प्रकरणाचंही तेच आहे. तो माणूस भुकेलाच असायचा. आपल्याकडे आला तेव्हा सात पोळ्या खाल्ल्या त्यानं."

"तू मध्ये बोलू नकोस," साहेब म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "हे तुम्हाला कधीपासून ठाऊक आहे?"

"पाच वर्षं."

"आणि तरी चार-पाच वेळा मला झकास म्हणालात?"

"अकरा वेळा, साहेब."

साहेब उठून बाल्कनीत गेले. पाठ आमच्याकडे. दहा मिनिटे ते समोरचा डोंगर बघत उभे होते. मला वाटले, संपले. वहिनींनी खिचडीची बशी माझ्यापुढे ठेवली, ती तशीच राहिली. साहेब आत आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. रागाने की कशाने, ते मी विचारले नाही. ते म्हणाले, "दहा वर्षं मी सगळ्यांना सांगतोय की माझं चुकलं तर तोंडावर सांगा. एकानंही सांगितलं नाही. मला वाटलं, माझं चुकतच नाही." मग त्यांनी गठ्ठ्याची दोरी सोडली, वही काढली आणि खुर्ची ओढली. "बसा. पहिल्यापासून सांगा. धुणं कुठल्या तारखेला काढायची ती?"

विमान मी दुसऱ्या दिवशी गाठले, पण छापखान्यात गेलो नाही. ज्यांना समारंभात पुस्तक मिळाले नाही त्यांनी साहेबांना दोष देऊ नये. ते थांबले आहे माझ्यामुळे, आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही.

साहेबांना आणि सुलभावहिनींना भरपूर आयुष्य मिळो, गुडघे बरे राहोत, डोळे शाबूत राहोत. ही प्रार्थना मी दर गुरुवारी करतोच, पण आता तिला कामाचे निमित्तही आहे. सहावे प्रकरण नव्याने लिहायचे आहे, त्यासाठी ईव्हना पत्र गेले आहे, आणि त्यांचे उत्तर आले की तिसरेही उघडावे लागेल. या सगळ्याला दोन वर्षे लागतील, असे साहेब म्हणतात. मी त्यांना तीन म्हणालो. ते रागावले. मी ते मागे घेतलेले नाही.